आणखी अर्धा आटा

गल्लीत त्यांना 'करकचे' म्हणत, घाईत नुसतं 'करके'. हे त्यांचं आडनाव नव्हतं, केल्या कर्माची पोचपावती होती. त्यांनी बंद केलेला नळ दुसऱ्या कुणाला उघडता येत नसे. त्यांनी बरणीचं झाकण लावलं, की आतला जिन्नस वारला असं समजून घरात नवा आणला जाई. मुलगी लहान असताना तिच्या बुटांची नाडी त्यांनी एकदाच बांधली. ती कात्रीने सुटली. सैल वस्तू नजरेला पडली की त्यांचं मनगट शिवशिवे.

पोटापाण्यासाठी त्यांची एक जुनी पिकअप होती. एरवी ते दुकानदारांचा माल पोचवत आणि रविवारी बायकोचे केक. मागच्या हौद्यात उन्हाने केकचं पाणी झालं असतं, म्हणून केक पुढे केबिनमध्ये, तिच्या मांडीवर बसून जाई. एसीचा झोत त्याच्याकडे, उरलासुरला माणसांना. केकला हात लावायची करक्यांना बंदी होती. का, हे त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एसीचा बेल्ट पुन्हा तुटला. मेकॅनिकने तुकडा उलटासुलटा करून पाहिला.

"काका, हा मेला नाही. याचा खून झालाय."

"हल्ली मालच हलका येतो."

"माल चांगलाय. मी बसवून देतो आणि तुम्ही घरी जाऊन पुन्हा आवळता. या वेळी बेल्ट गेला, पुढच्या वेळी कॉम्प्रेसरचं बेअरिंग जाईल. मग खिडकी उघडायची आणि गप बसायचं."

नवा बेल्ट चढला. बायको शेजारी उभी राहून सगळं बघत होती. "घट्ट किती हवा, ते कसं कळतं?" तिने विचारलं.

"मधोमध अंगठ्याने दाबायचं, काकू. जरासा दबला पाहिजे."

तिने दाबून पाहिला. "म्हणजे स्पंजसारखं. दाबला की खाली, सोडला की वर. केक झाला का, ते असंच बघतात."

"बेल्ट आणि केक एकच का?" करके म्हणाले.

"तुम्हाला दोन्हींतलं कळत नाही, त्या अर्थाने एकच."

परतताना तिने स्पष्ट सांगून टाकलं. रविवारी लग्नाचा तीन मजली केक पोचवायचा होता. एवढं मोठं काम तिला आजवर मिळालं नव्हतं. "हा वितळला, तर पुढच्या वेळेपासून कोपऱ्यावरचा व्हॅनवाला. त्याची गाडी गार असते आणि तो कशाला हात लावत नाही."

करक्यांना हे फार लागलं. ज्याची नंबरप्लेट एका स्क्रूवर लोंबते, तो माणूस आपली जागा घेणार!

रविवारी सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं ते फक्त बघायला. बेल्टला चीर नव्हती, तेलाचा डाग नव्हता. शास्त्र म्हणून अंगठ्याने दाबला, तर तो दबला. असाच दबायला हवा होता, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते दृश्य काही त्यांना बघवेना.

हॉल अजून बराच लांब असताना बॉनेटखालून कुणीतरी गळा काढला. बायकोने समोरच बघत विचारलं, "किती?"

"काय किती?"

"किती आवळलात?"

"अर्धा आटा."

रडण्याचा सूर आणखी चढला.

"एक," करके म्हणाले. "एक आणि वर थोडा."

"गाडी बाजूला घ्या."

"अगं, मी करतो ना सैल."

"तुम्ही? जन्मात काही सैल केलंय? इंजिन बंद करा, इकडच्या सीटवर या आणि हा धरा."

केक करक्यांच्या मांडीवर आला. पाना घेऊन ती बॉनेटखाली गेली.

"घट्ट धरू नका!" आतून आवाज आला.

"पडेल!"

"कुठे पडेल? खाली तुमची मांडी आहे!"

मनगटं शिवशिवत होती. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमला. तो पुसायला हात मोकळा नव्हता आणि पडू द्यावा तर खाली साखरेचे गुलाब. करके मान मागे टाकून छताकडे बघत बसले. हातात असलेली वस्तू न आवळता ते पहिल्यांदाच बसले होते, आणि त्यात दम लागतो हे त्यांना नव्यानेच कळत होतं.

बॉनेट आपटलं. तिने केक परत घेतला, त्यांनी गाडी सुरू केली. रडणं थांबून नुसती कुरकुर उरली होती. बेअरिंग वाचलं होतं, पण रागावलेलं होतं. एसीचा झोत गार आला.

हॉलमध्ये केक टेबलावर ठेवला, तेव्हा तळमजल्याच्या कडेला एक खळगा दिसला.

"रस्ता खराब होता," करके म्हणाले.

"रस्त्याला अंगठा असतो का?"

तिने वाकून बोट लावून पाहिलं. स्पंज वर आला होता, फक्त क्रीम दबलेलं होतं. ती बाजू तिने भिंतीकडे फिरवली आणि खळग्यावर डब्यातला जादा गुलाब बसवला.

"मला वाटलं होतं, तळमजला भुईसपाट असेल," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर करक्यांनी घसा साफ केला. "मग, त्या व्हॅनवाल्याला..."

तिने पाना आपल्या पर्समध्ये टाकला. "पुढच्या रविवारी लवकर निघायचं. आणि बॉनेट मी उघडणार."

पर्सची चेन तिने ओढली, पण शेवटपर्यंत नाही. बोटभर फट राहिली. करके स्टिअरिंगवर हात ठेवून घरापर्यंत त्या फटीकडे चोरून बघत राहिले.