होळीच्या सुट्टीत रूमवर

यवतमाळला बी.एस्सी. करत होते तेव्हा मी ज्या घरात राहायचे, त्याच्या पुढच्या भागात घरमालक आणि मागच्या भागात आम्ही मुली होतो. मागे दोन खोल्या, एक न्हाणी, एक संडास आणि कपडे वाळवायला दोऱ्या बांधलेलं अंगण. एका खोलीत दारव्ह्याकडच्या दोघी बहिणी राहायच्या. दुसऱ्या खोलीत मी आणि माझी रूम पार्टनर.

पार्टनर म्हणायचं एवढंच. आमचं काही जमत नव्हतं. ती दिग्रसकडच्या एका तांड्यावरची, बी.ए.ला होती. तिला मोठ्यानं वाचल्याशिवाय पाठ होत नसे. हातात पुस्तक धरून ती खोलीत येरझारा घालायची आणि एकेक वाक्य तीन-तीनदा म्हणायची. मला तर शेजारी कोणी नुसतं गुणगुणलं तरी गणित सुटत नसे. म्हणून मी वही घेऊन गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसायचे. थंडीत तिथं बरं वाटायचं, उन्हाळा लागला की पायऱ्या तापायच्या.

आणखी एक गोष्ट होती. रोज सकाळी तिच्या आईचा फोन यायचा आणि ती अर्धा तास गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायची. मला त्यातलं एक अक्षर कळत नसे. मधेच ती हसायची, हसताना एखाद वेळी माझ्याकडे पाहायची. आपल्याबद्दलच काहीतरी चाललं आहे, असं मी धरून चालले होते. विचारायची मात्र कधी हिंमत केली नाही.

दुसऱ्या वर्षाला होळीची सुट्टी लागणार होती तेव्हाची गोष्ट. आमच्या घरी, मारेगावजवळच्या गावाला, होळीचं फारसं काही नसतं. आमचं बौद्धांचं घर. पण सुट्टी ती सुट्टी. शेतातला हरभरा निघाला होता, आईनं घाटे भाजून ठेवते म्हणून सांगितलं होतं. मी बॅग भरून ठेवली होती. पार्टनरनं तर माझ्याही आधी भरली होती. तांड्यावर होळीसारखा दुसरा सण नाही, हे तिच्या तयारीवरूनच दिसायचं. नवी ओढणी, भावाच्या मुलीसाठी बांगड्या, आईसाठी शहरातली चप्पल.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी फोन वाजत राहिला आणि तिनं उचलला नाही. मी पाहिलं तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"अंग दुखून राह्यलं. डासबी लई चावले रात्री."

तिनं मान वळवली. गालावर, कपाळावर, गळ्याजवळ पाण्यानं भरलेले बारीक बारीक फोड होते. मी तिच्या पाठीवरची ओढणी बाजूला केली. तिथं तर जागाच उरली नव्हती.

"हे डास नाही," मी म्हटलं. "कांजण्या आहेत."

ती उठून बसली. आधी तिच्या डोळ्यांत भीती आली आणि मग एकदम पाणी आलं. दुखण्यापायी नाही. "माह्या वहिनीले नववा लागला," ती म्हणाली. "मी घरी कशी जाऊ आता?"

मी तिच्या तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि ऑटोनं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या आणि अंगाला लावायचं गुलाबी औषध दिलं. खाजवू नका, नखं कापा, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर लांब राहा, असं सांगितलं. परत आलो तेव्हा शेजारच्या दोघी बहिणी बॅगा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी लांबूनच विचारपूस केली आणि मिळेल त्या गाडीनं निघून गेल्या. त्यांना तरी काय बोलायचं. त्यांना कांजण्या कधी निघाल्या नव्हत्या.

मला निघाल्या होत्या, लहानपणी. मी आईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुले आता काही होत नाही," ती म्हणाली. "घाटे काय, पुढच्या रविवारी खाशील. त्या पोरीले एकटं टाकून येऊ नको."

मला वाईट वाटलं नाही असं नाही. मी बॅग परत रिकामी केली.

घरमालकीण काकू मागच्या दारात आल्या, पण उंबऱ्याच्या आतच थांबल्या. त्यांचा मुलगा-सून सणासाठी आले होते आणि त्यांचं रांगतं बाळ घरात होतं.

"माता आली म्हणा की," त्या म्हणाल्या. "मी जवळ येत नाही बाई, लेकरू हाय घरात. पण तुमचं खाणं-पिणं माह्याकडे. आता ती उतरेपर्यंत घरात फोडणी बंद."

त्यांनी काकांना निंबाचा पाला आणायला पाठवलं. पाला आला तेव्हा त्यांनी तो मधल्या ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "हंथरुणात टाक. तुमच्यात हे मानत नाही, मले ठाऊक हाय. पण माह्यासाठी टाक."

मी आईला विचारलं. आई हसली. "पाल्यानं थंडच वाटते. टाक. फक्त गोळी चुकू देऊ नको."

मग आमचं दोन्ही सुरू झालं. गोळ्याही आणि पालाही. काकू सकाळ-संध्याकाळ ओट्यावर ताट ठेवायच्या आणि हाक मारून आत जायच्या. बिनफोडणीचं वरण, भात, कधी ज्वारीच्या कण्या शिजवून त्यावर ताक. ऐन सणात त्या घरात मोहरी तडतडली नाही. काकांना म्हणे ते फार जड गेलं. एकदा ते अंगणात कपडे वाळत घालताना हळूच मला म्हणाले, "तिले लवकर बरं कर बाई. मले वरणाचा कंटाळा आला." आणि मागे वळून पाहिलं, काकूंनी ऐकलं तर नाही म्हणून.

खोलीत दिवस मोठा व्हायचा. ताप असला की ती पडून राहायची, उतरला की खाज सुटायची. मी निंबाची डहाळी तिच्या पाठीवरून हलकीच फिरवायचे. ती म्हणायची, "अजून जरा खाली." बोलायला विषय नसायचा. परीक्षा जवळ आली होती आणि तिच्यानं पुस्तक धरवत नव्हतं. तेव्हा मीच तिचं इतिहासाचं पुस्तक उचललं आणि वाचायला लागले. माझा तो विषय दहावीनंतर सुटला होता. मी मनातल्या मनात वाचल्यासारखं भराभर वाचायचे. ती डोळे मिटूनच म्हणायची, "हळू. ते वाक्य पुन्हा घे." मी पुन्हा घ्यायचे. दोन दिवसांत मला स्वतःच्या आवाजाची सवय झाली.

अशाच एका दुपारी मी विचारून टाकलं. "सकाळी फोनवर तू हसतेस, ते काय असते?"

"कायचं काय?"

"माझ्याकडे पाहतेस ना हसताना."

तिला आधी कळेचना. मग ती म्हणाली, "याडी, माही माय, रोज विचारते, तुह्या पार्टनरनं आज तरी तोंड उघडलं का. मी म्हणतो, नाही. मंग ती म्हणते, मुकी तं नाही ना ती?"

मी हसले. तीही हसली, पण हसताना गालावरचे फोड ताणले गेले, तसं तिनं तोंड दाबून धरलं.

होळीचा दिवस आला. संध्याकाळी चौकातल्या होळीचा धूर आमच्या खिडकीपर्यंत आला, तेव्हा तिनं मला खिडकी लावायला सांगितली.

धूळवडीला दुपारी अंगणाचं फाटक वाजलं. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातात स्टीलचा डबा, कपाळाला गुलाल लागलेला एक माणूस उभा होता. तिचे वडील. तांड्यावरचा रंगात आलेला सण टाकून, जीप बदलत ते आले होते. मी दार उघडायला गेले तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"मी आत येत नाही, बाई," ते म्हणाले. "घरी सून हाय. इथूनच पाहतो."

मी खिडकी उघडली. अंगणातली बादली पालथी घालून ते खिडकीखाली बसले. तिला बसल्या जागेवरून फक्त त्यांचा दुपट्टा दिसत असणार. दोघं गोरबोलीत बोलू लागली. या वेळी मला ते परकं वाटलं नाही. शब्द कळत नव्हते, पण काय जेवली, ताप किती, रात्री झोप लागली का, हे कोणत्याही बोलीत कळतंच. मधे ती रडली. मग त्यांनी डब्यावर बोटांनी ताल धरला आणि अगदी खालच्या आवाजात लेंगी म्हणायला लागले. होळीला तांड्यावर म्हणतात ती गाणी. एरवी ती डफावर, माणसांच्या घोळक्यात, नाचत म्हणायची. एकट्या माणसानं परक्या अंगणात बसून म्हणायची ती नव्हेत. पहिल्या ओळीला त्यांचा आवाज अडखळला, मग सुटला. दुसऱ्या कडव्याला आतून तिनं ओळ उचलली.

काकू मागच्या दारात येऊन उभ्या होत्या, बाळाला कडेवर घेऊन. गाणं संपल्यावर त्यांनी ओट्यावर खुर्ची ठेवली. "दादा, बादलीवर कायले बसता? खुर्चीवर बसा. चहा टाकतो."

ते खुर्चीवर बसले, चहा प्याले, ऊन उतरायच्या आत निघाले. डब्यात लापशी होती. आम्ही दोघींनी ती एकाच ताटात खाल्ली.

पुढच्या आठवड्यात खपल्या धरल्या. काकूंनी बंबावर निंबाचा पाला उकळून पाणी दिलं, ती न्हाली, आणि सगळ्या चादरी उन्हात पडल्या. सुट्टी केव्हाच संपली होती. दोघी बहिणी परत आल्या होत्या आणि आम्ही दोघी इतकं काय बोलतो, म्हणून चकित झाल्या होत्या.

तिची आई त्यानंतर आली. वहिनीचं बाळंतपण सुखरूप झालं होतं, मुलगी झाली होती. आई हातभर बांगड्यांची, ठसठशीत बाई. तिनं लेकीला आधी पाहिलंच नाही, सरळ माझ्याकडे आली, माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि काहीतरी लांबलचक बोलली. मला वाटलं, आभार मानत असेल. मी संकोचून पार्टनरकडे पाहिलं.

"काय म्हणतात?"

"म्हणते, ही पोरगी एवढी वाळलेली काहून? तू हिले जेवू नाही घातलं का?"

परीक्षा आम्ही दोघींनी दिली. तिला इतिहासात माझ्या अंदाजापेक्षा बरे मार्क पडले. तिसरं वर्षही त्याच खोलीत काढलं. ती अजूनही मोठ्यानंच वाचायची. मी जिन्यावर जायचे ते फक्त थंडीत, उन्हासाठी. आता ती पुसदकडे एका शाळेत शिकवते आणि मी वणीला असते. फोन होतो. तिच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक बारीक खड्डा राहिला आहे. तिच्या वर्गातली मुलं विचारतात म्हणे, मॅडम, हे काय लागलं होतं? ती त्यांना सांगते, लहानपणी झाडावरून पडले. मी म्हटलं, खोटं कशाला सांगतेस. तर म्हणाली, "कांजण्या म्हटलं तर पोरं दोन मिनिटांत विसरतात. झाडावरून पडलो म्हटलं की तासभर प्रश्न विचारतात."