शून्य गुणांची भीती

मित्रहो, आंघोळीत साबणामुळे डोळे मिटले की हात आपोआप भिंतीकडे का जातो? कारण डोळ्यांविना तोल केवळ कानाच्या आतला भाग, म्हणजे अंतर्कर्ण, आणि पावलं सांभाळतात.

आज आमच्या लंडनच्या क्लिनिकमध्ये तोल जाणाऱ्या रुग्णांची प्रश्नावली अरबीत उतरवून तपासत होतो. मूळच्या जॉर्डनच्या एका आजींनी प्रत्येक त्रासाला "नाही" म्हटलं. जितका त्रास तितके गुण; इथे गुण शून्य, म्हणजे ठणठणीत!

"जिन्यावरही त्रास नाही?" मी विचारलं.

त्यांची मुलगी आईला हाक मारत हसली. "यम्मा, तू जिना उतरतेस कुठे? सगळं मीच करते ना!" बोलता बोलता तिनं आईकडे पाहिलं. ती उद्या जॉर्डनला, अम्मानला परत जाणार आहे. आजी इथे लंडनमध्ये एकट्या राहणार आहेत.

असे शून्य गुण घेऊन आजवर किती जण घरी गेले असतील?

आज घरातल्या वडीलधाऱ्यांना "चक्कर येते का?" असं विचारू नका. "काय काय करणं सोडलंत?" असं विचारून पाहा.