लेकीच्या दारी चार टक्के

अजिनाथ सर शेवगावात आमच्याच शाळेत चित्रकला शिकवतात; मीही तिथंच शिक्षक. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. एका रेषेत, खडू न उचलता ते फळ्यावर मोर काढायचे, तेव्हा पाचवीची पोरं गप्प होऊन बघत बसायची. हल्ली ते मोर काढत नाहीत. सुट्टीत स्टाफरूमच्या खिडकीशी बसून राहतात. कुणी चहा दिला तर घेतात.

त्यांना एकच मुलगी, निकिता. डी.एड. झालेली. तिचं लग्न झालं संगमनेरपलीकडच्या अकोल्याच्याही पुढच्या एका वस्तीवर. बागायत शेती, टोमॅटो, आठ-दहा गाई, आणि समर्थ हा एकुलता मुलगा. नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त अंतर फार होतं. एसटीनं जायचं म्हटलं की नेवासा, श्रीरामपूर, संगमनेर अशा गाड्या बदलत दिवस मोडायचा. सरांच्या बायकोला, चांगुणाबाईंना, एसटी लागते. पहिल्या दोन फेऱ्यांत त्या इतक्या आजारी पडल्या की सरांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले आणि बॅटरीवरची गाडी घेतली. छोटीच, पांढरी.

तेव्हा ते खूश होते. शाळेत सगळ्यांना हिशेब सांगायचे. "घरी पूर्ण चार्ज करायला पंचवीस-सव्वीस युनिट. म्हणजे अडीचशे रुपयांत लेकीच्या दारात. पेट्रोलला हजार गेले असते!" दुसऱ्याच महिन्यात बिल वरच्या टप्प्यात गेलं, युनिटचा दर चढला आणि हा हिशेब थोडा बिघडला. बाहेर चार्ज करायचं तर दुप्पट पैसे. गाडी विकणाऱ्यानं एका चार्जमध्ये अडीचशे किलोमीटर सांगितले होते; खरे एकशे ऐंशी निघाले, आणि एसी लावला की त्याहून कमी. लेकीचं घर दीडशेवर. म्हणजे पोचता यायचं, पण परत यायचं तर तिथं गाडी प्लगला लावावीच लागायची, आणि घरगुती प्लगवर रात्र जायची.

त्याचीही त्यांना सवय झाली. काचा खाली करून, पन्नासच्या पुढं काटा न नेता ते जायचे. चांगुणाबाई म्हणायच्या, "तुमी रस्ता बघता का तो बॅटरीचा आकडा बघता?" सर हसायचे. मुक्काम करावा लागतो हे तर त्यांना बरंच वाटायचं. त्या निमित्तानं लेक डोळ्यांसमोर राहायची.

पहिल्या दिवाळीला निकिता माहेरी आली तेव्हा चार दिवस काही बोलली नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, करंज्यांचा डबा भरताना, आईला म्हणाली, "मला जायचं न्हाई." समर्थ हात उचलत होता. सासू साळूबाई बघून न बघितल्यासारखं करायची. फोन काढून घ्यायचे, नोकरीच्या जाहिराती आल्या की फाडून टाकायचे.

चांगुणाबाई म्हणाल्या, "राहू द्या तिला हितंच."

सर म्हणाले, "नवीन संसार हाय. बसंल घडी. मी बोलतो जावयाशी."

त्यांनीच तिला परत नेऊन घातलं. समर्थशी बोलले, म्हणजे 'सांभाळून घ्या' एवढंच म्हणाले. निघताना निकितानं विचारलं, "आप्पा, लागलंच तर याल ना?" सर म्हणाले, "गाडी कशाला घेतलीय मग?"

एप्रिलात एका गुरुवारी सकाळी फोन आला. नंबर अनोळखी होता, शेजारच्या वस्तीवरच्या बाईचा. निकिता हळू आवाजात बोलत होती. "आप्पा, मला घेऊन जा. आजच. दोघं माल घेऊन संगमनेरला गेलेत, दुपार टळेस्तोवर येत न्हाईत. मी पिशवी भरून ठेवलीय."

"काय झालं?"

"आल्यावर सांगते. तुमी या."

आदल्या रात्री गल्लीतली डीपी जळून लाईट गेली होती, त्यामुळं चार्जिंग अर्ध्यातच थांबलं होतं. गाडी पंच्याऐंशी टक्के दाखवत होती. समोरच छगन राहतो. त्याची डिझेलची जीप दारात उभी होती, त्या दिवशी भाडंही नव्हतं. चांगुणाबाई म्हणाल्या, "छगनभाऊजींची जीप घ्या. ते लगेच येतील."

"त्याला काय सांगायचं? पोरीला सासरहून काढून आणायचीय म्हणून? दुपारपर्यंत गावभर होईल."

"होऊ दे की."

"आपली गाडी हाय ना दारात," सर म्हणाले आणि एकटेच निघाले. परतीला गाडीत वजन कमी असावं म्हणून बायकोलाही त्यांनी घेतलं नाही.

ऊन कडक होतं. एसी बंद. बाभळेश्वरच्या अलीकडं एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे. मोबाईलवर तो चालू दिसत होता. तिथं गेल्यावर कळलं की त्याचा स्क्रीन काळा पडलाय. हॉटेलवाला म्हणाला, "पंधरा दिवस झाले, कंप्लेंट केलीय." सर तसेच पुढं निघाले. संगमनेरला दुसरा चार्जर होता. तो चालू होता, पण एक गाडी लागलेली आणि दुसरी रांगेत. तास-दीड तास थांबावं लागलं असतं. याच गावात कुठंतरी मार्केटमध्ये समर्थ आणि साळूबाई होते. ते आपल्याआधी निघाले तर? सरांनी आकडा बघितला, अंतर बघितलं. पोचण्यापुरतं होतं. परतीचं तिथं बघू म्हणून ते निघाले.

अकोल्यानंतर चढ लागतो. चढाला आकडा भराभर उतरतो. सर नंतर मला म्हणाले, "सर, एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली न्हाई. मागं कुणी लागलंय असं वाटत होतं, आणि गाडी जोरात पळवावी तर लवकर संपंल." वस्तीवर पोचले तेव्हा चार टक्के राहिले होते.

घरी दुसरं कुणी नव्हतं. निकिता ओट्यावर उभी होती. एक पिशवी, खांद्याला पर्स. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. गाडी थांबताच ती खाली आली आणि दार उघडून बसायलाच लागली.

"थांब," सर म्हणाले. "चार्ज न्हाई."

तिला कळेना. "म्हंजे?"

"चार टक्केच राहिलेत. अकोल्यापर्यंतसुदा जायची न्हाई."

ती एक क्षण गाडीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग राहू द्या गाडी. चला, चालत फाट्यावर जाऊ. तिथून जीपा मिळतात. आप्पा, चला ना."

फाटा लांब नव्हता. पाऊण तासाची चाल. चालत निघणंच बरं हे सरांना दिसत होतं, असं ते म्हणाले. पण गाडी इथं ठेवायची? यांच्या दारात? पुन्हा न्यायला यायचं ते कुणाकडं? नऊ लाखांची वस्तू. शिवाय उन्हात, हातात पिशवी, डोळ्याखाली असं घेऊन लेक रस्त्यानं चालणार, चार लोक बघणार.

"थोडी लावू," ते म्हणाले. "निदान अकोल्यापर्यंत जाईल एवढी. तिथून बघू पुढचं."

"आप्पा, ते येतील."

"तासाभराचं तर काम हाय."

निकितानं मग वाद घातला नाही. आत जाऊन तिनं स्वतः पडवीतल्या सॉकेटचं बटन दाबलं. सरांनी वायर जोडली. दोघं पडवीत बसले. ती एकदा उठून रस्त्याकडं बघून आली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. थोड्या वेळानं गाडीवरचा हिरवा दिवा विझला. वस्तीला शेतीच्याच लाईनची वीज, ती दुपारची गेली. आकडा सात टक्क्यांवर होता.

"आता तरी चला," निकिता म्हणाली. तिनं पिशवी उचलली. सर उठले, वायर काढायला वाकले, आणि तेवढ्यात चढावरून पिकअपचा आवाज आला.

समर्थ उतरला. सासऱ्यांना बघून चपापला, पण लगेच हसला. "मामा! अचानक?" मग त्यानं बायकोच्या हातातली पिशवी बघितली. साळूबाईनंही बघितली. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं सर म्हणतात. मग त्यांनाही चढवता आला असता. समर्थनं फक्त विचारलं, "गाडी चार्जिंगला लावायची व्हय? लाईन गेली जणू. येईल संध्याकाळी. बसा, पानी घ्या."

त्याच्या पडवीत, त्याच्या खुर्चीवर सर बसले. साळूबाईनं चहा ठेवला. समर्थनं फोन लावला आणि त्याचे चुलते, गहिनीनाथतात्या, मोटरसायकलवर आले. मागोमाग आणखी दोघं आले. तात्या मोठे समजूतदार माणूस, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांनी समर्थला सगळ्यांदेखत झापलं. समर्थनं मान खाली घातली. "चुकलं," म्हणाला. साळूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "एकच पोरगं हाय मला. सून गेली तर तोंड दाखवायला जागा न्हाई." मग तात्या निकिताकडं वळले. "पोरी, आमी हाय ना. पुन्हा हात लावला तर मला सांग. आता गुरुजींना त्रास देऊ नको. त्यांची गाडीसुदा थकलीय बघ." सगळे थोडं हसले. सरही हसले.

तात्यांनी विचारलं, "काय गुरुजी, तुमचं काय म्हननं?"

सगळे त्यांच्याकडं बघत होते. निकिता दारात उभी होती. तीही बघत होती. अजून तिच्या खांद्याला पर्स होती.

सर म्हणाले, "पोरगी म्हणंल तसं."

निकितानं थोडा वेळ वाट बघितली. आणखी काही येतंय का म्हणून. मग ती म्हणाली, "राहते मी," आणि पिशवी घेऊन आत गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

दिवेलागणीला लाईन आली. समर्थ रात्रभर थांबायचा आग्रह करत होता. सर थांबले नाहीत. संगमनेरपर्यंत जाईल एवढी गाडी चार्ज होताच ते निघाले. विजेचे पैसे देऊ लागले तर समर्थनं हात जोडले. निकिता गाडीपर्यंत आली नाही. भाकरी टाकत होती. सरांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून "येतो" म्हटलं, तिनं मान हलवली.

घरी आल्यावर चांगुणाबाईंनी मागच्या सीटकडं बघितलं आणि त्या आत गेल्या.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. निकिताचा फोन येतो, पण बोलते समर्थसमोर. "बरं हाय" म्हणते. मार बंद झालाय की सांगणं बंद झालंय, हे सरांना कळायला मार्ग नाही. दोनदा ते गेले, दोन्ही वेळा मुक्काम केला. जावयानं चांगलं केलं. लेकीनं वाढलं आणि ती झोपायला गेली. दुसऱ्यांदा तिला सातवा महिना होता. तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "येते का?" ती म्हणाली, "आता कुठं, आप्पा."

चांगुणाबाई त्या गाडीत बसत नाहीत. बाळंतपण सासरीच झालं, तेव्हा त्या एसटीनं गेल्या, उलट्या करत, गाड्या बदलत. महिनाभर राहून परत आल्या. नात झाली होती. सर स्टँडवर त्यांना घ्यायला गेले, तर त्या पिशव्या घेऊन चालतच घराकडं निघाल्या. सर गाडी तिथंच ठेवून, दोन पिशव्या आपल्याकडं घेऊन त्यांच्या बाजूनं चालू लागले.

"कशी हाय पोर?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"माझं काही इचारलं का?"

भाजीबाजार मागं पडला. मग चांगुणाबाई म्हणाल्या, "इचारलं ना. आप्पांची शुगर कशी हाय म्हणाली."

सरांनी हातातल्या पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या. स्टाफरूमच्या खिडकीशी हे सांगून ते माझ्याकडं बघत राहिले, जणू मी काही बोलावं. तासाची घंटा झाली, ते उठून वर्गावर गेले.