अकरा वेळा बुडालेली ओकबुन

आमच्या चुनसिक भावजींनी एका वर्षात ओकबुनताईला अकरा वेळा नदीत बुडवलं. चित्रात. त्यामुळे पोलीस काही चौकशीला आले नाहीत, पण गावातली एकही बाई ते विसरलेली नाही.

मी पिलसुन. सोमजिन नदीच्या काठावर माझं तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुपाचं दुकान आहे. ओकबुनताई नात्याने माझी कोणी लागत नाही. पण तीस वर्षं ती नदीतून तिसऱ्या काढते आणि मी त्या उकळते, म्हणून ती माझी ताई, आणि तिचा नवरा माझा भावजी. तिला तो आईबापांनी शोधून दिला. मला फुकटात मिळाला.

भावजी तरुणपणी शहरातल्या थिएटरचे सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. नायिकेचा एक डोळा रंगवायला म्हणे अर्धा दिवस लागायचा, आणि त्या अर्ध्या दिवसाबद्दल ते आजही अख्खी संध्याकाळ बोलू शकतात. पुढे छापील फ्लेक्स आले, थिएटरला कुलूप लागलं. मग हॉटेलांच्या पाट्या, ट्रकवरची नावं, 'इथे कचरा टाकू नये' असलं काहीबाही रंगवून त्यांनी दिवस काढले. साठी उलटल्यावर एका सकाळी जाहीर केलं, "आता मी फक्त निसर्ग रंगवणार."

ताई रबरी पँट चढवत होती. मान वर न करता म्हणाली, "रंगवा की. निसर्गाचं बरं आहे, तो पैसे बुडवत नाही, कारण देतच नाही."

तेव्हापासून भावजींची जागा ठरलेली. माझ्या दुकानासमोर, काठाच्या अगदी टोकाला. बसायला पालथं घातलेलं रबरी घमेलं, चित्र टेकवायला ताईची इस्त्रीची फळी, डोक्यावर खताच्या कंपनीने फुकट वाटलेली टोपी. समोर तीच नदी, तेच वळण, पलीकडचा तोच डोंगर आणि जुन्या धक्क्याचा तोच काळा खांब. बदलायचा तो फक्त महिना.

मार्चमध्ये समोरच्या उतारावर प्लमचा बहर आला की शहरातली माणसं गाड्या भरभरून येतात. त्या गर्दीत भावजी बहर रंगवत बसले आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी त्यांना संडास कुठे आहे ते विचारून गेलं. शेवटी त्यांनी पाटी रंगवून शेजारी उभी केली. पाटी चित्रापेक्षा चांगली झाली होती, असं मी म्हटलं तर दोन दिवस माझ्याकडे सूप प्यायला आले नाहीत. जुलैत पावसाची झड लागली, नदी गढूळ होऊन फुगली आणि कोणाचा तरी पांढरा फ्रिज दिमाखात वाहत गेला. भावजींनी पूर काढला, फ्रिज गाळला. मी म्हटलं, "अहो, त्या सगळ्यात बघण्यासारखा तोच तर होता!" शरदात काठावरचे लव्हाळे पांढरे झाले, वारा सुटला आणि एक ओलं चित्र उडून थेट माझ्या पातेल्यात पडलं. त्या दिवशीचं सूप मी कोणाला वाढलं ते सांगणार नाही.

पण खोटं कशाला बोलू, पाण्याचा रंग त्यांना साधायचा. संध्याकाळी भरतीचं पाणी काठोकाठ चढतं, डोंगर उलटा होऊन त्यात उतरतो, आणि ते सगळं फळीवर असं उमटायचं की मी गल्ल्यावरून उठून बघायला जायचे. गोची एवढीच, की असं चित्र झाल्यावर ते रिकामं वाटायचं. मग भावजी मनाने त्यात तिसऱ्या काढणाऱ्या बायका घालायचे. नदीच्या मधोमध, कमरेइतक्या पाण्यात, पाठ ताठ, डोक्यावर टोपी. त्यातली निळ्या रुमालाची ती ताई.

आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल की काठोकाठ भरती असताना तिथे दोन पुरुष पाणी असतं. समुद्र जवळ आहे, दिवसातून दोनदा नदी चढते नि उतरते. त्या काळ्या खांबावर पाच पांढरे पट्टे आहेत. वरून चौथा पट्टा उघडा पडला की बायका पाण्यात उतरतात, तो बुडायला लागला की बाहेर येतात. भावजींच्या प्रत्येक चित्रात एकच पट्टा पाण्याबाहेर असायचा. आणि मजा म्हणजे हे पाचही पट्टे वीस वर्षांपूर्वी गावाच्या सांगण्यावरून होडीत बसून रंगवले कोणी? याच महाशयांनी. स्वतः रंगवलेली पाटी या माणसाने आयुष्यात कधी वाचली नाही.

चित्र झालं की बायका माझ्या दुकानातून डोकावून पट्टे मोजायच्या आणि ओरडायच्या, "ओकबुन, गेलीस गं बाई! पुन्हा गेलीस!" ताई चित्र घरी न्यायची आणि कामाला लावायची. एक किमचीच्या रांजणावर झाकण, दोहोंवर मिरच्या वाळत, एक कुत्र्याच्या घरावर छप्पर, एक न्हाणीघराच्या फुटक्या खिडकीला. भिंतीवर एकही नाही.

त्या वर्षी मे महिन्यात ताई शहरातल्या डॉक्टरकडे गुडघे दाखवून आली. दोन वाट्या सूप गुपचूप प्यायली. मग तिथेच, माझ्यादेखत, नवऱ्याला म्हणाली, "दोन्ही बदलायचेत. डिसेंबरची तारीख दिलीय. त्यानंतर नदीत पाय ठेवायचा नाही म्हणालेत. हा माझा शेवटचा हंगाम."

भावजींनी चमचा खाली ठेवला.

"मला एक चित्र हवंय," ताई म्हणाली. "एकच. ज्यात मी बुडालेली नाही. टीव्हीच्या वर लावीन."

"अगं, उभीच तर असतेस तू!"

"पट्टे मोजा आणि मग बोला."

एवढं सोपं काम. ओहोटीला बसायचं, दिसेल ते काढायचं. पण ओहोटीची नदी भावजींना बघवायची नाही. वाळू उघडी पडते, चिखल, फाटकी जाळी, एखादी चप्पल. "अर्धी पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसते," म्हणायचे. शिवाय काठावरून बायका उडदाच्या दाण्याएवढ्या. नीट बघायचं तर पाण्यात उतरून वाळूच्या पट्टीवर जायला हवं, आणि भावजींना पाय ओले केलेले चालत नाहीत. नदी रंगवणारा माणूस, पाऊस आला तर मोजे काढून खिशात ठेवणारा!

जूनमध्ये ताई बुडाली. ऑगस्टमध्ये बुडाली. दर वेळी ते शपथ घ्यायचे, दर वेळी संध्याकाळचं पाणी सोनेरी झालं की शपथ विसरायचे. ऑक्टोबरच्या शेवटी अकरावं चित्र झालं. पांढरे लव्हाळे, मावळतीचं ऊन, काठोकाठ पाणी आणि त्यात सात बायका. मी गल्ला सोडून बाहेर आले, बघितलं आणि म्हटलं, "भावजी, सुंदर आहे हो. सातच्या सात मेल्या."

ते चित्र त्यांनी शहरातल्या प्रदर्शनात दिलं, आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. चित्रांचा वर्ग घेणारे ह्वांग सर स्वतः सांगायला आले. गळ्यात मफलर, बोलणं हळू, सूप पिताना आवाज नाही. फोनमधला चित्राचा फोटो पुढे धरून म्हणाले, "बायका पाण्यात कशा विरघळून गेल्यात बघा!"

ताई घमेलं धूत होती. म्हणाली, "विरघळल्या नाहीत सर, बुडाल्यात. त्या निळ्या रुमालाची मी."

सरांना वाटलं ती विनोद करतेय. हसले आणि सांगून गेले, येत्या शनिवारी अकरा वाजता समारंभ, सूट घालून तयार राहा, मी गाडी घेऊन येतो.

शनिवार म्हणजे हंगामाचा शेवटचा दिवस. त्यानंतर एप्रिलपर्यंत नदी बंद. भिंतीवरच्या कॅलेंडरात भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या असतात. शनिवारची ओहोटी, अकराची. ताईने कॅलेंडर बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि धुतलेलं घमेलं पुन्हा धुवायला घेतलं. एरवी जी बाई मीठ कमी पडलं तर गाव गोळा करते, ती गप्प बसली. मला तिचा राग आला. भांड की बाई, म्हटलं मनात. त्यांना सांग की जाऊ नका.

शनिवारी दहाला भावजी काळ्या सुटात, लाल टाय लावून माझ्या दुकानाबाहेर गाडीची वाट बघत उभे. केसांना तेल, बूट चकचकीत. ताई कमरेला दोर बांधून, तिसऱ्या खरवडायचं दाताळं खांद्यावर टाकून त्यांच्या समोरून नदीकडे गेली. जिना उतरावा तशी एकेक पाय आडवा टाकत ती काठ उतरली. उतरायला तिला पाच मिनिटं लागली. भावजी तिच्याकडे बघत होते. मग खांबाकडे बघितलं. चौथा पट्टा उघडा पडत होता.

"पिलसुन," ते एकदम म्हणाले, "तुझ्या नवऱ्याची रबरी पँट आहे का गं अजून?"

आहे ना. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, पँट खुंटीवर ठणठणीत आहे. भावजींनी ती सुटावरूनच चढवली. पट्टे खांद्यावर अडकवले, टाय आत कोंबला, रंगांचं सामान आणि इस्त्रीची फळी डोक्यावर घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा सोमजिनच्या पाण्यात पाय टाकला. टाकल्याबरोबर जी शिवी हासडली ती मी इथे लिहीत नाही.

वीस मिनिटांनी ह्वांग सरांची गाडी आली. हॉर्न वाजला. मी बाहेर येऊन म्हटलं, "सर, तुमचं पहिलं बक्षीस ते बघा, तिकडे पाण्यात आहे." सर मफलर सावरत काठावर आले आणि घड्याळाकडे बघायला लागले.

भावजी वाळूच्या पट्टीवर, ताईपासून दहा पावलांवर. बायका दाताळं ओढत उलट पावली चालत होत्या, कमरेच्या दोराला बांधलेली घमेली मागून तरंगत होती.

"हलू नकोस जरा!" भावजी ओरडले.

"मी हलले नाही तर तिसऱ्या काय चालत येणारेत? तुम्ही काठावर जा! तोंडावर पडाल!"

"मान खाली ठेव!"

"लग्नापासून बेचाळीस वर्षं खालीच आहे!"

 भावजी रंगवत राहिले. सरांनी घड्याळ बघणं सोडून दिलं आणि माझ्याकडे सूप मागितलं.

पाणी वळलं. चौथा पट्टा भिजायला लागल्याबरोबर बायका घमेली ओढत बाहेर निघाल्या. हंगाम संपला होता, कोणी रडत होतं, कोणी शिव्या देत होतं, आणि या गडबडीत भावजी तिथेच राहिले. त्यांना पट्टे वाचता येत नाहीत हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. ताई काठाला लागली, मागे वळली, आणि तिचा नवरा छातीइतक्या पाण्यात चित्र डोक्यावर धरून उभा. फळी वाहत निघालेली. वरून पँटमध्ये पाणी शिरलेलं, पाय उचलत नाहीत.

"अहो!" ताई ओरडली. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

आम्ही धरायच्या आत ती पुन्हा पाण्यात गेली. त्या गुडघ्यांवर. दाताळ्याची लांब काठी पुढे केली, लोखंडी दात नवऱ्याच्या खांद्यावरच्या पट्ट्यात अडकवले आणि उलट पावली चालत त्याला ओढत काठावर आणलं. चित्र तिने तिसऱ्यांच्या घमेल्यात टाकलं. भावजी थंडीने लटलटत होते आणि "रंग ओला आहे, रंग ओला आहे" एवढंच म्हणत होते. मी त्यांना चांगलं झापलं. मग आत जाऊन गॅस मोठा केला.

सूप पोटात गेल्यावर ताईने चित्र बाकावर उभं केलं. ओल्या रंगाला वाळू चिकटली होती, एका कोपऱ्यात दोन तिसऱ्यासुद्धा. पाणी राखाडी, चिखल, फाटकं जाळं, सगळं होतं. सोनेरी काही नाही. बायका पुढे सरसावल्या आणि खांब बघून मोठ्याने मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार.

"पाणी बरोबर आहे," ताई म्हणाली. आणि मग खांब सोडून ती निळ्या रुमालाकडे बघायला लागली.

अकरा चित्रांत ती ताठ होती. या चित्रात तिची पाठ दाताळ्याच्या काठीवर पार वाकली होती, एक पाय बाहेर फेकलेला, सगळा भार दुसऱ्यावर. तोंड दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती.

"एवढी वाकलेय मी?"

"हो."

"आणि हे तुम्हांला आज दिसलं?"

भावजींनी वाटीतून मान वर केली नाही. "काठावरून नव्हतं दिसत," म्हणाले.

  ताईने रुमालाच्या टोकाने चित्रातल्या पाठीवरची वाळू झटकली. दोन तिसऱ्या होत्या त्या तशाच राहू दिल्या.

"खिळा बघा कुठे मिळतो का," ती नवऱ्याला म्हणाली. "मोठा आणा. जड आहे हे."

बक्षिसाचं चित्र आता माझ्याकडे आहे, सोयाबीनच्या रांजणावर नेमकं बसतं. खिळा आणि हातोडीही माझ्याकडूनच गेली. हातोडी अजून परत आलेली नाही.