गूळपाण्याची बँक

बँकेत नोकरी केलेल्या माणसाकडं पैसा साठत नाही, किस्से साठतात. पैसा लोकांचा असतो, तो ज्याचा त्याला द्यावा लागतो. किस्से मात्र परत मागायला कुणी येत नाही, त्यामुळं ते माझ्याकडंच पडून राहिले. निपाणीतल्या आमच्या लहानशा बँकेत मी कॅशियर होतो. चहा पिताना दोस्तमंडळी म्हणतात, "सांग की बँकेतलं काहीतरी, तेवढंच हसू." मी सांगतो आणि ते हसतात. ज्यांच्यावर हे किस्से गुदरले, त्यांतलं कुणी फारसं हसल्याचं मला आठवत नाही.

* * *

सुरुवात आमच्या बँकेची नव्हेच, दुसऱ्याच एका बँकेची. बेळगावला कॅम्पात एक खासगी बँक होती. नाव आता कशाला घ्या! छताला विजेचा पंखा, दारात पट्टेवाला, आत सुटाबुटातले साहेब. निपाणी, चिकोडी, सदलगा, सगळीकडच्या लोकांनी घरातलं किडूकमिडूक नेऊन तिथं ठेवलं. आणि एका सकाळी त्या बँकेला कुलूप लागलं.

मी तेव्हा शाळा संपवून नुसताच हिंडत होतो. गल्लीतली चार माणसं चौकशीला निघाली, त्यांच्याबरोबर मीही मोटारीत बसलो. जाऊन बघतो तर बंद दारापुढं पट्टेवाला ताठ उभा! आम्हाला बघताच त्यानं कडक सलाम ठोकला.

"बँक कवा उघडनार?"

"आज बंद हाय, साहेब."

"आनि उद्या?"

"उद्या बी."

"मग बंद दारात उभा ऱ्हाऊन सलाम कशापायी ठोकतोस रं?"

"माझा बी पगार अडकलाय वो! देनारा कोन निघंल सांगता येत न्हाय, म्हनून येईल त्याला सलाम करतोय."

आम्ही सगळे खो खो हसलो. आमच्याबरोबर सदलग्याचे एक गृहस्थ होते, ते तेवढे हसले नाहीत. मुलीच्या लग्नाचे पैसे त्या दाराआड होते. पुढं ती सोयरीक मोडली.

* * *

त्यानंतर आमची बँक निघाली, ती नेमगोंडा आप्पांमुळं. आप्पा जैन शेतकरी. नदीकाठी मळा, गावात तंबाखूची वखार, आणि अंगात जाडाभरडा सदरा. कॅम्पातल्या बँकेत त्यांचंही गेलं होतं, पण त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. घरोघर जाऊन एवढंच सांगायचे, "आपली बँक आपनच काढू. हितं कुनाचं बुडनार न्हाय. बुडलं तर माझ्या दारात या."

लोकांनी उरलंसुरलं आणून ठेवलं. सहकारी कायदा, भागभांडवल, यातलं कुणाला काही कळत नव्हतं. आप्पांचा शब्द तेवढा कळत होता. उद्या बँकेला काही झालं असतं, तर त्या म्हाताऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

चेअरमन झाल्यावर आप्पांनी पहिला नियम केला : दारूचा पैसा बँकेत घ्यायचा नाही. आठवड्याच्या आत दारूच्या गुत्त्यांचा मक्तेदार ठेव घेऊन हजर! एवढी मोठी ठेव आम्ही तोवर पाहिली नव्हती. डायरेक्टर मंडळींच्या तोंडाला पाणी सुटलं. आप्पा म्हणाले, "न्हाय चालायचं."

मक्तेदार काही कच्चा नव्हता. म्हणाला, "दारूचं नको, व्हय? मग तंबाखूचं कसं चालतंय, आप्पा?"

निपाणीत तंबाखूचं नाही असं नाणं शोधून सापडलं नसतं. आप्पांनी कमरेची तंबाखूची चंची काढली आणि खिडकीतून रस्त्यावर फेकून दिली.

"तंबाखूचं घ्यावंच लागतंय, न्हायतर गाव बंद पडंल. पन तू बोललास ते खरं हाय. मी खायाचा बंद."

मक्तेदार ठेव घेऊन परत गेला. आप्पांनी तंबाखूला पुन्हा हात लावला नाही. त्यांच्यासमोर चंची सोडायची बाकीच्या डायरेक्टरांना चोरी झाली, त्यामुळं पुढं बोर्डाची निम्मी मीटिंग बाहेरच्या पायरीवर भरायची!

* * *

आमचे मॅनेजर रघुनाथराव अतिशय सौम्य माणूस. त्यांचा आणि आप्पांचा मिळून दुसरा नियम होता : आलेल्या माणसाला उभं ठेवायचं नाही. आधी बसायला घोंगडं, मग गूळ आणि पाणी, मग काम. तेही 'अहो-जाहो' करून.

याचा परिणाम भलताच झाला. लोक घाबरले!

बेनाडीकडचा एक शेतकरी गुळाचा खडा हातात धरून बसला होता, खाईना. मला जवळ बोलावून म्हणाला, "लई गोड बोलायला लागलाय तुमी. कॅम्पातलं सायब बी असंच बोलायचं. ही बुडनार, व्हय?"

मी म्हटलं, "अहो, असं काही नाही."

"सावकाराच्या पेढीवर आमी तीस वर्सं शिव्या खाल्ल्या, पन तिथं कदी बुडलं न्हाय. तुमी जरा वरडा की माझ्यावर. म्हंजे इस्वास बसंल."

मी रघुनाथरावांकडं पाहिलं. त्यांनी मान फिरवली. मी उठलो आणि आवाज चढवून म्हटलं, "ए! चपला कुठं आणल्यास रे आत? काढ बाहेर! पैसे ठेवायचेत तर ठेव, नाहीतर चालू लाग!"

त्याचा चेहरा असा खुलला! चपला बाहेर काढून आला, पैसे ठेवले, आणि जाताना गूळ खाल्ला. मी मात्र त्या दिवशी डबा न उघडताच घरी परत नेला. माणसाला चांगली वागणूक मिळाली की त्याला धडकी भरते, ही काय जगायची रीत झाली?

* * *

एकदा धारवाडकडचे ऑडिटर यायचे होते. मोटार वाटेत बंद पडली आणि ते पोचले तेव्हा दिवस मावळला होता. उतरायची सोय आप्पांच्या घरी. तिथं सूर्य बुडाल्यावर चूल पेटत नाही आणि कुणी जेवत नाही. आप्पांचा तो लहानपणापासूनचा नेम. पाहुण्यापुढं आप्पा हात जोडून उभे राहिले, दहा वेळा माफी मागितली, पण घरात जाळ काही होऊ दिला नाही. गाव तंबाखूच्या हंगामात शिणून लवकर निजलेलं, खानावळही बंद. ऑडिटर उपाशी झोपले.

दुसऱ्या दिवशी ते अशा रागानं तपासायला बसले, की आता आमची धडगत नाही असं मला वाटलं. संध्याकाळपर्यंत त्यांना एक चूक सापडली नाही. निघताना मला म्हणाले, "अय्यो, घरी आलेला सरकारी माणूस उपाशी ठेवला, पण नेम मोडला नाही! असला मनुष्य लोकांच्या पैशाला काय हात लावतो!"

आणि मग हळूच विचारलं, "मोटार सुटायच्या आत इथं भजी कुठं मिळतात?"

* * *

रघुनाथराव विषमज्वरानं गेले. हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

तापात ते बडबडायचे, "बसा, पाणी घ्या." शेवटचे दोन दिवस घरातल्यांना ओळखत नव्हते, पण समोर दिसेल त्याला "बसा" म्हणत होते.

दहनाहून आलो, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरापुढं पंधरावीस माणसं उभी. मला वाटलं, भेटायला आलीत. जवळ गेल्यावर एकानं कानात विचारलं, "म्यानेजर गेले न्हवं? आता आमचं पैसं त्यांच्या बायकूकडं मागायचं व्हय?"

माझं डोकंच फिरलं. बँक वेगळी, माणूस वेगळा, हे त्यांना मी भर रस्त्यात ओरडून सांगू लागलो. तेवढ्यात दार उघडून वहिनी बाहेर आल्या. डोळे सुजलेले. हातात तांब्या आणि वाटीत गूळ.

"त्यांना उभं का ठेवलंत, भावजी?" त्या म्हणाल्या. "हे रागावतील."

लोकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुतकाच्या घरचं पाणी कुणाला घेता येईना आणि नकोही म्हणवेना! एकेक जण मान खाली घालून गेला. पायरीवर वहिनी तांब्या घेऊन तशाच उभ्या होत्या. मला रडू आवरलं नाही.

* * *

आता आप्पांचा किस्सा सांगतो आणि उठतो.

पुढं काही वर्षांनी आप्पांना अन्न गिळवेना. डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्यांनी सल्लेखना घ्यायचं ठरवलं. म्हणजे एकेक अन्न सोडत जायचं, आधी धान्य, मग दूध, मग ताक, शेवटी नुसतं पाणी, आणि शांतपणे मरण येऊ द्यायचं. त्याआधी आपल्या नावावरचं सगळं देऊन टाकायचं आणि भेटेल त्याची हात जोडून क्षमा मागायची. आप्पांनी त्याबरोबर मरेपर्यंत मौनही धरलं.

जमीन मुलांच्या नावावर करून झाली. राहिलं बँकेतलं खातं. तेवढे पैसे शिकणाऱ्या गरीब मुलांच्या बोर्डिंगला द्यायचे होते. कुणाला पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण आप्पांना सगळ्यांची क्षमा मागायची होती. म्हणून ते स्वतः आले, आणि आले नेमके बाजारच्या दिवशी!

बँक खच्चून भरलेली. मी पैसे दिले. आप्पांनी ते मुलाच्या हातात ठेवले, मला हात जोडले, शिपायाला जोडले, मग वळून सगळ्या गिऱ्हाइकांना जोडले. डोळ्यांत पाणी, तोंडातून शब्द नाही. आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले.

कॅम्पात पोळलेल्या माणसांनी यातनं काय समजायचं?

"चेअरमननं आपलं पैसं काढलं!"

"आनि हात जोडून माफी मागून गेला!"

तासाभरात रांग बाजारपेठेपर्यंत गेली. मी खुर्चीवर चढून व्रताचं सांगू लागलो. "कॅम्पातलं बी असंच कायबाय सांगत हुतं!" खालून लोक ओरडले. रांगेत जैन मंडळीही दिसली. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला तरी ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय की. पन ह्यांनी समद्यांनी काढल्यावर आमाला काय ऱ्हाईल?"

तिजोरीचा तळ दिसू लागला. रघुनाथराव नव्हते, मॅनेजर मीच, कॅशियरही मीच. मी शिपायाला बस्तीकडं पिटाळलं. बस्ती म्हणजे जैनांचं देऊळ, उपाध्ये म्हणजे तिथले पुजारी. व्रत धरून आप्पा तिथंच बसून होते. 'उपाध्यांना इकडं पाठवा, लोकांना समजावू देत,' एवढाच माझा निरोप होता.

आले ते आप्पाच. मघाची फेरीच त्यांना झेपली नव्हती, चौघांनी खुर्चीवर बसवून उचलून आणलं होतं. बरोबर उपाध्ये धावत होते. पायरीवर खुर्ची ठेवली. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. आप्पांनी रांगेकडं पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओठ दोनदा हलले, आवाज फुटला नाही. मग फुटला.

"मरायला मी बसलोय रं. बँक न्हाय!"

रांगेतल्या पुढच्या माणसानं पासबुक परत खिशात घातलं. उपाध्ये पुढं झाले. म्हणाले, "आप्पा, हे काय केलंसा? मौन मोडलं की!"

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

"माझंच मोडलं न्हवं?"