व्हर्नाचे सोवळे हात

एकोणीस वर्षं मी लॉरेल फोर्कच्या कम्युनिटी कॉलेजात शिकवते आहे, आणि पोरं माझ्यामागे काय बोलतात ते मला चांगलं ठाऊक आहे. इमोजीन रॅटलिफ हसली की जुलैत बर्फ पडतो म्हणे. म्हणोत बापडी. मी जे शिकवते त्यात हसण्यासारखं फारसं नसतंच. ऑपरेशनच्या टेबलापाशी उभं राहून सर्जनच्या हातात हवं ते हत्यार ठेवणारी माणसं मी तयार करते. त्याने मागितल्यावर कुणीही देईल. मागायच्या आधी द्यायला दोन वर्षं शिकावं लागतं.

आमच्या खोलीत माणसं दोनच जातींची, सोवळ्यातली आणि ओवळी. कोपरापर्यंत हात घासून गाऊन आणि हातमोजे चढवले की तुम्ही सोवळ्यात गेलात. मग हात छातीच्या खाली, कमरेच्या वर, समोर एकमेकांत धरून ठेवायचे. नाकाला खाज सुटली तर ते नाक शेजाऱ्याचं आहे असं समजायचं. निर्जंतुक नसलेल्या कशालाही हात लागला की सोवळं मोडलं, आणि मोडलं की ते आपल्याच तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. कुणी पाहिलेलं असो वा नसो. सांगणाऱ्याच्या कागदावर मी एक फुली मारते. लपवणाऱ्याला घरचा रस्ता दाखवते. दवाखान्यातल्या शिक्षणात तीन फुल्या झाल्या की सगळं वर्ष पुन्हा.

व्हर्ना प्रुइट माझ्या वर्गात आली तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. बाकीची तेरा पोरं विशीतली. बावीस वर्षं ती गावातल्या शाळेच्या जेवणघरात वाढायला होती. मुलं कमी झाली, शाळेला कुलूप लागलं, आणि व्हर्ना आपला एप्रन घडी करून घरी घेऊन आली. आमच्या खोऱ्यातला निम्मा गाव तिच्या हातचे बीन्स आणि मक्याचा ब्रेड खाऊन वाढलाय. कोण काय पानात टाकायचा हे तिला अजून पाठ आहे. पहिल्याच दिवशी वर्गातल्या एका दाढीवाल्या तरुणाला बघून ती म्हणाली, "अरे, तू गाजर खिशात लपवणारा ना? बाळा, केवढा झालास!" त्या तरुणाने दोन दिवस वर्गात मान वर केली नाही.

हाताला मात्र विलक्षण चपळ. शंभरावर हत्यारांची नावं तिने तीन आठवड्यांत पाठ केली. मी विचारलं, कसं काय जमलं? तर म्हणाली, "बाई, एका रांगेत दोनशे मुलं, त्यातल्या कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला दूध चालत नाही, आणि चुकलं तर पोराचा जीव जायचा. तुमचे चिमटे निदान रडत तरी नाहीत."

तिचा दोष एकच होता. समोर कुणी घाबरलेलं दिसलं की तिचा हात आपोआप त्याच्याकडे जायचा. खांद्यावर, डोक्यावर, पाठीवर. सरावासाठी आमच्याकडे रबराचा एक पुतळा आहे. पहिल्या परीक्षेत सगळी मांडामांड तिने बिनचूक केली आणि शेवटी, हातमोजे घातलेल्या हाताने, त्या पुतळ्याचे गाल कुरवाळले. वर्ग खो खो हसला. मी म्हटलं, "व्हर्ना, तो रबराचा आहे."

"माहितीये हो बाई. पण एकटाच पडलाय ना बिचारा."

त्या हिवाळ्यात एका दुपारी आम्ही डबे उघडून बसलो होतो. व्हर्नाने तळलेल्या सफरचंदाच्या करंज्या आणल्या होत्या, आणि पर्समधला लग्नाचा फोटो पोरींना दाखवत होती. फोटोत तिचा नवरा डेलबर्ट डावा हात खिशात घालून उभा.

"काय ऐट बघा! लग्नात पण हात खिशात," एक पोरगी म्हणाली.

"ऐट कसली बाळा! लाकूड कापायच्या गिरणीत दोन बोटं गेली होती त्याची. करंगळी आणि तिच्या शेजारचं. अंगठीसुद्धा उजव्या हातात घालायचा." मग कुणी विचारलं नसतानाच तिने सांगून टाकलं. "सहा वर्षांपूर्वी त्याच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली. मी त्याचा हात धरून स्ट्रेचरबरोबर पळत होते. थिएटरपाशी जमिनीवर लाल पट्टी आहे ना, तिथे नर्स म्हणाली, इथून पुढे फक्त आमची माणसं. सोडला हात. तो काही परत आला नाही. आत त्याच्याजवळ कोण होतं, कुणी होतं की नाही, मला काही माहीत नाही. म्हणून म्हटलं, आपणच पट्टीच्या आतलं माणूस व्हावं. आत प्रत्येकाचं कुणीतरी असायला हवं."

मी करंजी तशीच ठेवून उठले आणि उगाचच कपाट आवरू लागले.

आत कोण होतं ते मला माहीत होतं. मी होते. तेव्हा कॉलेज सांभाळून मी शनिवार-रविवार त्या थिएटरात उभी राहत असे. डेलबर्टला आणलं तेव्हा मी सोवळ्यात, टेबल मांडून तयार. जो तो आपल्या कामात, आणि सगळ्यांची घाई. टेबलावर घेतल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. मी माझे हात छातीशी धरून मागे सरकले. एक पाऊल. मीच शिकवते तसं, अगदी पुस्तकाबरहुकूम. दुसऱ्या मिनिटाला त्याला भूल दिली, आणि पुढे तासाभरात जे झालं ते कुणाच्याच हातात नव्हतं. पण ते एक पाऊल माझं होतं. त्या वर्षी मी टेबलापाशी उभं राहणं सोडलं. कुणी विचारलं की गुडघ्यांचं कारण सांगते. व्हर्नाचं नाव प्रवेशाच्या यादीत वाचलं तेव्हाच तिला बोलावून सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही. दुसऱ्यांच्या चुका मोठ्याने वदवून घेणारी मी, स्वतःची गिळून बसले होते.

जानेवारीत दवाखान्यातलं शिक्षण सुरू झालं. पहिली फुली दुसऱ्याच आठवड्यात पडली. सर्जन होते डॉक्टर ब्लेव्हिन्स. तेही लहानपणी व्हर्नाच्याच हातचं जेवलेले. ऑपरेशन रंगात आलेलं, त्यांच्या कपाळावर घाम डवरला. घाम पुसायचं काम ओवळ्या नर्सचं. पण व्हर्नाने हातातल्या गॉझने पटकन त्यांचं कपाळ टिपलं. "बाळा, डोळ्यांत जाईल."

सगळी खोली थांबली. डॉक्टर म्हणाले, "व्हर्ना, मी तेहतीस वर्षांचा आहे."

"सोवळं मोडलं माझं," व्हर्ना स्वतःच म्हणाली आणि हात वर धरून मागे झाली. गाऊन बदलला, हातमोजे बदलले. मी फुली मारली.

दुसरी मार्चमध्ये. पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेली एक म्हातारी थंडीने आणि भीतीने कापत होती. व्हर्नाने तिच्या कपाळावर हात ठेवला. क्षणभरच. आमची सगळ्यांची तिकडे पाठ होती. ती बोलली नसती तर कुणाला कळलंही नसतं. ती बोलली. त्या फुलीला माझी पेन्सिल कागदावर चालेना, पण मारली.

त्या संध्याकाळी मी तिला गाडीपाशी गाठलं. "आता तिसरी झाली तर काय, माहीत आहे ना? इथल्या थिएटरात नोकरीची जागा एकच आहे, आणि ती जूनपर्यंतच थांबणार. पुढच्या वर्षी दुसरं कुणी असेल तिथे."

"दुसऱ्या गावचं थिएटर मला नको, बाई. मला हेच हवंय."

"मग हात आवर."

"आवरते हो. पण हे हात माझं ऐकायच्या आधीच निघतात." ती स्वतःच्या पंजांकडे असं बघत होती जसं द्वाड पोरांकडे बघावं. मला तिचा राग आला, आणि रागाहून जास्त माया आली. तिला नापास करावं लागलं तर मला ते सोसणार नाही, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि तरी फुली मी मारलीच असती. माझा स्वभाव मला माहीत आहे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिची शेवटची केस लागली. हर्नियाचं ऑपरेशन. रोगी होबार्ट स्लोन, जुना शाळेच्या बसचा ड्रायव्हर. व्हर्नाने वाढलेलं जेवण बावीस वर्षं त्यानेही खाल्लं होतं. टोपी आणि मास्कमधूनही त्याने तिला आवाजावरून ओळखलं.

"व्हर्ना, माझ्या पोटात तुझाच मक्याचा ब्रेड अडकलाय. बघून काढ गं."

"अडकणारच! चावतोस कुठे तू, मेल्या? गिळतोस नुसता."

सगळे हसले. मग त्याला अरुंद टेबलावर घेतलं, वरचा दिवा लागला, आणि होबार्टचे विनोद एकदम संपले. ओठ कोरडे पडले. डॉक्टर अजून बाहेर हात धूत होते. नर्स टाक्यांच्या दोऱ्याची पेटी आणायला गेली होती. भूलतज्ज्ञाचे दोन्ही हात नळ्यांमध्ये गुंतलेले. होबार्टचा हात टेबलावरून उठला आणि हवेत काहीतरी शोधू लागला. व्हर्ना त्याच्यापासून हातभर अंतरावर.

मी भिंतीपाशी कागद-पेन्सिल घेऊन उभी. तिची बोटं उलगडताना मला दिसली. नको, व्हर्ना, नको, असं मी मनात म्हणत होते, आणि त्याच वेळी सहा वर्षांपूर्वीचा तो दुसरा हात मला दिसत होता. धर म्हणावं की धरू नको म्हणावं, खरंच सांगते, मला कळेना.

तिने बोटं मिटली. दोन्ही हात छातीशी इतके घट्ट आवळले की हातमोजे करकरले. डोळ्यांत पाणी, आणि ते पुसायचीही चोरी.

"होबार्ट, बाळा, मी इथेच आहे. बघ माझ्याकडे," ती म्हणाली. मग मान न वळवता, जेवणघरातल्या त्या ठणठणीत आवाजात म्हणाली, "इमोजीनबाई, तुमचे हात रिकामे आहेत ना?"

मला असं कुणी विचारत नाही. "पेन्सिल आहे हातात," मी म्हटलं.

"मग ठेवा की खाली!"

ठेवली. चार पावलं चालून गेले आणि होबार्टचा हात धरला. रुंद, खरखरीत, बर्फासारखा गार. त्याने असा दाबला की माझी बोटं दुखली. व्हर्ना त्याच्याशी बोलत राहिली, तेराव्या थांब्यावरचा कुत्रा कसा रोज बसमागे धावायचा, ते सांगत राहिली, आणि त्या बोलण्यातच तो झोपला. मी मात्र हात जरा उशिरानेच सोडला.

ऑपरेशन नीट झालं. गॉझचे तुकडे मोजले, बरोबर भरले; पोटात एकही राहिला नव्हता. हत्यार एकदाही मागावं लागलं नाही.

बाहेर हात धुवायच्या नळांपाशी मी तिच्या कागदावर सही केली. दोन फुल्या, उत्तीर्ण. तिने कागद हातात घेतला आणि काही बोलणार, इतक्यात मीच बोलले. आता नाही तर कधीच नाही, हे मला माहीत होतं.

"व्हर्ना, माझं एक सांगायचं राहिलंय. डेलबर्टच्या वेळी आत मी होते. त्याने माझ्याकडे हात पुढे केला होता. मी सोवळ्यात होते. मी धरला नाही. मागे सरकले."

नळ चालू होता. तिने तो बंद केला नाही. मग विचारलं, "कुठला हात?"

"डावा."

ती बाकावर बसली. "डावा," ती म्हणाली. "बाई, तो हात तो कुणाला दाखवायचासुद्धा नाही. त्याच्या आईलाही नाही. माझ्याशिवाय कुणाच्या हातात दिला नाही त्याने कधी." तिने माझ्याकडे पाहिलं. टोपी, मास्क, मध्ये नुसते डोळे. "पट्टीपाशी मी तोच सोडला होता. त्याला वाटलं असणार, मीच आले आत."

"पण मी धरला नाही, व्हर्ना."

"नाही धरलात," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून तिने खोटं काही सांगितलं नाही. "पण त्याने दिला होता. म्हणजे त्याच्या लेखी मी होते तिथे."

मी रडले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, त्या नळांपाशी, विद्यार्थिनीसमोर. तिने उठून माझा मास्क खाली ओढला आणि चेहरा दोन्ही हातांनी पुसला. मोकळ्या, ओल्या, ओवळ्या हातांनी. त्याला आता कुणाची हरकत नव्हती.

तेवढ्यात नर्सने दारातून डोकं आत घातलं. पुढच्या केसला हाताखाली माणूस कमी पडत होता, व्हर्ना येईल का? व्हर्नाने ब्रश उचलला आणि हात घासायला सुरुवात केली. माझं लक्ष सवयीने तिच्या बोटांवर. एकेक बोट, चारी बाजूंनी, मग पंजा, मग कोपरापर्यंत. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिने दोनदा घासलं. नियम एकदाच घासायचा आहे. मी पेन्सिल खिशात घातली.