आईचा फोटो आणि डिलीट केलेली मूळ फाइल

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

आई गेल्या महिन्यात गेली. तिचा शेवटचा चांगला फोटो दादाने बेट्टदपुरच्या टेकडीवर, त्याच्या मोठ्या कॅमेऱ्यावर काढला होता. तो भिंतीवर लावायला मोठा करून घ्यावा म्हणून आज इथल्या येलवाल गावातल्या फोटो स्टुडिओत गेले. माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जेपीजी होता. मोठा केल्यावर आईच्या डोळ्यांच्या जागी नुसते चौकोनी ठिपके दिसायला लागले.

तिथूनच पुण्याला दादाला फोन लावला. "कॅमेऱ्यातली मूळ, न दाबलेली रॉ फाइल पाठव ना."

"त्या केव्हाच डिलीट केल्या गं. केवढी जागा खात होत्या! तोच जेपीजी पीएनजी फॉरमॅटमध्ये बदलून घे, क्वालिटी वाढेल."

"दादा, जेपीजी करतानाच बारकावे गाळले जातात, व्हॉट्सअ‍ॅप आणखी गाळतं. गेलेलं पीएनजी कुठून आणणार?"

"मग एआयने करून घे."

स्टुडिओवाल्याने तेही केलं. फोटो लख्ख झाला, पण हनुवटीवरचा तीळ गेला आणि वाकडा दात सरळ झाला. ती दुसरीच कुणी बाई होती. मी तो घेतला नाही, फक्त दादाला दाखवायला पाठवला. त्याने लगेच घरच्या ग्रुपवर टाकला.

सगळ्यांनी हात जोडले. आईच्या सख्ख्या बहिणीने, मावशीने लिहिलं, "अगदी माझी ताई!"

मला रडूही आलं नाही, रागच आला.

तुमच्या माणसाचा खरा चेहरा नक्की कुणाकडे शिल्लक आहे, कधी विचारलंय?